मच्छीमार आणि समुद्र : जगून परतण्याच्या विद्येचा इतिहास

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका शिक्षक-शिबिरात आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता. ‘मासेमारीची बोट उलटली आणि माणूस पाण्यात पडला, तर तो कशाने मरतो?’ सगळीकडून एकच उत्तर आले, ‘बुडून.’ मागे बसलेले एक शिक्षक स्वतः कोळी कुटुंबातले होते. ते म्हणाले, ‘सर, आमच्या वाड्यात सगळ्यांना पोहता येतं. तरी दोनचार वर्षांनी कोणी ना कोणी परत येत नाही. पोहता येणारा का मरतो, ते सांगा.’

त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. प्रश्न मात्र मनात राहिला. शोध घेतल्यावर लक्षात आले, की हा प्रश्न नीट विचारायलाच माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावरही ते बोटीवर पोचायला आणखी काही दशके जावी लागली. मासेमारी हा आजही जगातल्या सर्वांत धोक्याच्या व्यवसायांपैकी एक आहे. म्हणून हा इतिहास मुळापासून पाहू.

उघड्या बोटी

१८ ऑगस्ट १८४८ रोजी दुपारी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरून सुमारे ८०० बोटी हेरिंग मासे धरण्यासाठी निघाल्या. हवा बरी होती. मध्यरात्रीनंतर वारा वाढला आणि पहाटेपर्यंत त्याचे वादळ झाले. बोटी बंदराकडे वळल्या. विक या मोठ्या बंदरात त्या वेळी ओहोटी होती आणि तोंडाशी पाणी इतके उथळ होते, की भरलेल्या बोटी आत येऊ शकेनात. किनाऱ्यावर माणसे उभी होती आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बोटी फुटत होत्या. त्या एका रात्रीत १२४ बोटी गेल्या आणि १०० माणसे मेली.

या दुर्घटनेची चौकशी कॅप्टन जॉन वॉशिंग्टन या नौदल अधिकाऱ्याकडे दिली गेली. त्यांचा अहवाल १८४९ साली ब्रिटिश संसदेपुढे आला. सागरी सुरक्षेच्या इतिहासात तो महत्त्वाचा मानतात. कारण त्यात ‘देवाची इच्छा’ म्हणून विषय संपवलेला नाही. प्रत्येक बंदराची खोली, बोटींची बांधणी, मच्छीमारांशी झालेले करार या सर्वांची त्यात तपासणी आहे. दोन गोष्टी ठळक झाल्या. एक, बंदरे अशी हवीत की भरती-ओहोटीची वाट न पाहता आत शिरता येईल. दुसरी, बोटी वरून उघड्या होत्या. एक मोठी लाट आत आली की बोट पाण्याने भरे. वरून फळ्यांचा डेक बसवला तर लाट वरून वाहून जाईल.

शिफारस सरळ होती, पण मच्छीमारांना ती पटली नाही. डेकमुळे बोट जड होते, खर्च वाढतो, मासळीला जागा कमी पडते आणि उघड्या डेकवरून माणूस वाहून जाण्याची भीती असते, असे त्यांचे म्हणणे होते. यातला एकही आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. सुरक्षेची किंमत रोज मोजावी लागते आणि तिचा फायदा आयुष्यात एखाद्याच दिवशी दिसतो. ही अडचण पुढे या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. डेक असलेल्या बोटी रूढ व्हायला पुढची काही दशके लागली.

पारा खाली गेला होता

बोट मजबूत करणे हा एक मार्ग झाला. वादळाची आगाऊ सूचना देणे हा दुसरा. ज्या ‘बीगल’ जहाजावरून डार्विनने प्रवास केला, त्याचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय १८५४ साली ब्रिटनच्या नव्या हवामान विभागाचे प्रमुख झाले. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. हे वादळ तारयंत्राने आधी कळवता आले असते, असे फिट्झरॉय यांनी दाखवून दिले. १८६१ पासून बंदरांत खांबावर शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवून वादळाचे इशारे देणे सुरू झाले. गरीब मच्छीमार गावांत वायुभारमापक बसवले गेले. पुढे काही शास्त्रज्ञांनी या इशाऱ्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही असे म्हटल्यामुळे १८६६ च्या अखेरीस ते बंद झाले, पण बंदरांतून तक्रारी आल्या आणि थोड्याच काळात ते परत सुरू करावे लागले.

मग प्रश्न सुटला का? १४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवार. स्कॉटलंडमधील आयमाउथ गावच्या बंदरावर वायुभारमापक होता आणि त्यातला पारा फार खाली गेला होता. समुद्र मात्र शांत होता, ऊन पडले होते. त्याआधीचे कित्येक दिवस खराब हवेमुळे बोटी बंदरातच होत्या. घरात पैसा नव्हता. पारा सर्वांनी पाहिला आणि तरीही बोटी निघाल्या. दुपारच्या सुमारास अंधारून आले आणि वादळ कोसळले. त्या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार मेले, त्यांपैकी १२९ एकट्या आयमाउथचे. कित्येक बोटी बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकांवर, घरच्या माणसांसमोर फुटल्या. याउलट ‘एरियल गॅझेल’ या बोटीने बंदराकडे धाव घेतली नाही. ती खोल समुद्रातच लाटांना तोंड देत राहिली आणि दोन दिवसांनी सुखरूप परतली.

आयमाउथ दोन गोष्टी शिकवते. पहिली, सूचना मिळणे आणि ती पाळता येणे यांत अंतर असते, आणि ते अंतर पुष्कळदा अज्ञानाचे नसून पोटाचे असते. दुसरी, घराकडे पळणे हा मनाचा पहिला कौल असतो. तो दर वेळी बरोबर असतोच असे नाही.

बुचाचे जाकीट

बोट फुटलीच तर काय? माणूस तरंगला पाहिजे. १८५४ साली ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेचे निरीक्षक कॅप्टन जॉन वॉर्ड यांनी बुचाच्या पट्ट्या शिवलेले जाकीट तयार केले. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी बंदराच्या जीवरक्षक नौकेने वादळात एकामागून एक जहाजांवरची माणसे सोडवली. पुढच्या खेपेला ती स्वतः उलटली. तेरा जणांपैकी बारा मेले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नव्या पद्धतीचे बुचाचे जाकीट त्या दिवशी त्याच्या अंगात होते. इतक्या स्पष्ट पुराव्यानंतर जाकिटाविषयी जीवरक्षक दलात शंका उरली नाही.

मासेमारी करणाऱ्यांनी मात्र ते नाकारले. बूच ताठ असते. ते बांधून जाळे ओढता येत नाही. १९०४ पासून बुचाऐवजी कपोक वापरात आला. आपल्याकडच्या सावरीसारख्या झाडाचा हा कापूस, आपण उशांत भरतो तसला. तो बुचापेक्षा हलका आणि मऊ. तरीही ‘कामात अडचण होते’ ही तक्रार राहिलीच. आपल्या किनाऱ्यावर आज जाकिटाबद्दल विचारले, तर हेच शब्द ऐकू येतात.

बुडून की गारठून?

आता त्या शिक्षकांच्या प्रश्नाकडे येऊ. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी ‘टायटॅनिक’ बुडाले. सुमारे १५०० माणसे मेली. पाण्यात पडलेल्या पुष्कळांच्या अंगात जाकिटे होती आणि ती तरंगत होती. समुद्र शांत होता. तरीही दोन तासांच्या आत ‘कार्पेथिया’ जहाज येऊन पोचेपर्यंत पाण्यातले जवळजवळ सगळे मेले होते. पाण्याचे तापमान शून्याच्याही किंचित खाली होते. तरंगणारी माणसे बुडून कशी मरतील? हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. तो जोराने विचारला गेला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटिश नौदलाच्या १९४६ मधील समितीला असे आढळले, की समुद्रावर मेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे जहाज सोडेपर्यंत जिवंत होती. मृत्यू आला तो त्यानंतर, पाण्यात.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट चांगले उष्णतावाहक आहे. शिवाय तेवढ्याच आकारमानाची हवा आणि पाणी एका अंशाने तापवायचे, तर पाण्याला हजारो पट अधिक उष्णता लागते. म्हणजे शरीराची उष्णता ‘पिऊन टाकण्याची’ पाण्याची ताकद फार मोठी. पुढच्या संशोधनातून गार पाण्यातल्या मृत्यूचे टप्पे स्पष्ट झाले. बर्फासारख्या पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात धाप लागते. श्वास आपल्या ताब्यात राहत नाही आणि त्याच क्षणी तोंडावर लाट आली तर पाणी फुप्फुसात जाते. हा धक्का ओसरला तर पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात. मग स्नायू गार पडतात, बोटे वळत नाहीत आणि उत्तम पोहणाराही पोहू शकत नाही. शरीराच्या गाभ्याचे तापमान उतरून शुद्ध हरपायला मात्र जवळजवळ एक तास लागतो. म्हणजे ‘पोहता येणारा का मरतो’ याचे उत्तर असे, की पोहण्याचे कौशल्य ज्या स्नायूंत असते, ते स्नायूच आधी संपावर जातात. जाकीट असेल तर तो मधला तास हाती लागतो.

याच काळातला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. बेशुद्ध माणसाचे तोंड कोणत्या जाकिटाने पाण्याबाहेर राहते, हे पाहायचे होते. शुद्धीवरचा माणूस नकळत हालचाल करतो, त्यामुळे चाचणी खरी होत नाही. एडगर पास्क या तरुण भूलतज्ज्ञाने युद्धकाळात स्वतःला भूल देववून घेतली, श्वासनलिकेत नळी घालून घेतली आणि जाकिटासह स्वतःला हौदात सोडायला लावले, तेही पुन्हा पुन्हा. आजची चांगली जाकिटे बेशुद्ध माणसाला पाठीवर वळवतात, त्यामागे हे धाडस आहे.

युद्धातील जीवनौकांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या १३४ नौकांवर समुद्राचे पाणी प्यायले गेले नाही, त्यांतील सुमारे ३ टक्के माणसे मेली. ज्या २९ नौकांवर ते प्यायले गेले, तेथे हे प्रमाण ३९ टक्के होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मूत्रपिंड इतके खारट मूत्र तयार करू शकत नाही. त्यामुळे ते क्षार बाहेर टाकायला प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी शरीरातूनच जाते.

‘हेलिसे’ची रात्र

११ मार्च १९८४ च्या रात्री आइसलंडच्या दक्षिणेला वेस्टमन बेटांजवळ ‘हेलिसे’ या मासेमारी बोटीचे जाळे तळाला अडकले. ते विंचने ओढताना बोट उलटली. बोटीवर पाच जण होते. तिघे उलट्या बोटीच्या तळावर चढले. फुगणारा तराफा बोटीवर होता, पण तो त्यांना सोडवता आला नाही. बोट बुडू लागली तेव्हा तिघे पोहत निघाले. पाण्याचे तापमान ५ ते ६ अंश सेल्सियस. थोड्याच वेळात दोघे दिसेनासे झाले. उरला विशीतला गुद्लौगुर फ्रिद्थोर्सन. तो पाच-सहा तास पोहला, सुमारे पाच किलोमीटर अंतर कापून किनाऱ्याला लागला आणि लाव्हाच्या धारदार खडकांवरून अनवाणी चालत गावात पोचला.

डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान ३४ अंशांच्याही खाली होते. गार पाण्यातल्या मृत्यूंचे अभ्यासक विल्यम कीटिंज यांनी पुढे लंडनमध्ये त्याच्यावर थंड पाण्यात चाचण्या केल्या. त्याच्या त्वचेखाली सुमारे १४ मिलिमीटर जाडीचा, सीलची आठवण व्हावी असा चरबीचा थर होता. इतर माणसे ज्या पाण्यात भराभर गार पडत, त्यात त्याचे तापमान फारसे उतरत नव्हते.

ही गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगितली जाते आणि तो पराक्रम आहेच. परंतु आमच्या मते तिचा दुसरा अर्थ अधिक मोलाचा आहे. पाचांपैकी जो एक वाचला, त्याचे शरीर हजारांत एखाद्याचे असते तसे होते. बाकीचे चौघे सर्वसामान्य माणसे होती. सुरक्षेची व्यवस्था त्या चौघांसाठी असावी लागते.

आइसलंडने हा धडा घेतला. वेस्टमन बेटांतल्या एका तांडेलाने १९५१ सालीच आपल्या बोटीवर रबरी तराफा घेतला होता. पुढच्या वर्षी ती बोट बुडाली आणि बहुतेक खलाशी त्या तराफ्यामुळे वाचले. तरीही तराफा सोडायला वेळ आणि हात लागतात, ही अडचण उरली. याच बेटांवर राहणारे व्यंगचित्रकार सिग्मुंद योहान्सन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तराफा झटक्यात बाहेर फेकणारे यंत्र तयार केले. १९८५ साली खलाशांसाठी सुरक्षा-शाळा सुरू झाली. ती पुढे जुन्या तटरक्षक जहाजावर भरू लागली आणि बंदरोबंदरी जाऊ लागली. तेथे खलाशांना पाण्यात उडी मारायला, उलटा पडलेला तराफा सरळ करायला आणि आग विझवायला लावतात. पुढे हे शिक्षण सक्तीचे झाले. २००८ साली पहिल्यांदा असे वर्ष उजाडले, की आइसलंडचा एकही खलाशी समुद्रावर मेला नाही. त्यानंतरही अशी वर्षे आली.

अमेरिकेत १९८८ साली मासेमारी बोटींच्या सुरक्षेचा कायदा झाला. तराफा, अंग पूर्ण झाकणारा जलरोधक पोशाख, संकट-संदेशक आणि दरमहा सराव यांची सक्ती आली. १९९० च्या दशकात अलास्कामध्ये एक लक्षणीय गोष्ट दिसली. बोटी बुडण्याचे प्रमाण फारसे घटले नाही, पण बुडालेल्या बोटीवरून जिवंत परतणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ वाढले. समुद्र बदलला नव्हता. माणसे तयारीत होती.

आपला किनारा

अरबी समुद्राचे पाणी बर्फासारखे नाही. आपल्या किनाऱ्याजवळ ते बहुधा २५ ते ३० अंश असते. त्यामुळे आपल्याकडे पहिल्या मिनिटाची धाप आणि पहिल्या तासाची थंडी हे मुख्य शत्रू नाहीत. थकवा, लाटा, ऊन आणि तहान हे आपले शत्रू आहेत. पण ३० अंश म्हणजेही शरीरापेक्षा सात अंश कमी. रात्रभर पाण्यात राहिलेला माणूस इथेही गारठतो. आपल्याकडे हाती असलेला वेळ तासाऐवजी कित्येक तासांचा असतो, आणि म्हणून जाकिटाचे मोल इथे कमी होत नाही, उलट वाढते.

तो वेळ उपयोगी पडायचा तर आपण कोठे आहोत हे कोणाला तरी कळले पाहिजे. १९८२ साली पहिला कॉस्पास-सारसॅट उपग्रह सोडला गेला. संकट-संदेशकाची लहर उपग्रह जवळ येताना थोडी अधिक वारंवारतेची आणि दूर जाताना थोडी कमी वारंवारतेची भासते. आगगाडीच्या शिटीचा सूर गाडी पुढे जाताना उतरतो, तोच हा डॉप्लर परिणाम. त्यावरून बोटीचे ठिकाण काढता येते. भारत या व्यवस्थेत सहभागी आहे. इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेला संकट-संदेशक २०१० पासून वापरात आहे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत, ‘संदेश पोचला’ हे बोटीवरच्या माणसाला उलट कळवण्याची सोय आहे. वाट पाहणाऱ्याला ही एक ओळ किती धीर देईल, हे सांगायला नको.

२०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ दक्षिणेच्या किनाऱ्याजवळ इतक्या झपाट्याने तयार झाले, की कित्येक दिवसांसाठी खोल समुद्रात गेलेल्या बोटींपर्यंत सूचना पोचल्या नाहीत. अनेक मच्छीमार परतले नाहीत. त्याच वेळी केरळ आणि तामिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी, नऊशेहून अधिक माणसांसह, सिंधुदुर्गातल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. १८४८ मध्ये विकच्या बंदराने जे दिले नाही, ते देवगडने दिले. बंदर हेसुद्धा सुरक्षेचे साधन आहे.

आता त्या शिक्षकांना आम्ही असे सांगू : ‘पोहता येणारा मरतो, कारण पोहणे हे काही मिनिटांचे साधन आहे आणि समुद्रात वाट पाहावी लागते ती तासांची. तो वेळ मिळवून द्यायला अंगात जाकीट लागते, हाक पोचवायला संदेशक लागतो आणि अंधारात हात न अडखळता ही साधने वापरता यावीत म्हणून किनाऱ्यावर असतानाच सराव लागतो.’ आणि आयमाउथ आठवून एक गोष्ट जोडू. खराब हवेत घरी राहिलेल्या मच्छीमाराच्या चुलीचे काय, याचा विचार ज्या समाजात होत नाही, तेथे पारा कितीही खाली गेला तरी बोटी निघणारच.

वर्गात करून पाहा

एकसारख्या चार बाटल्या घ्या. प्रत्येकीत सुमारे ६० अंशांचे गरम पाणी भरून तापमापी ठेवा. पहिली बाटली हवेत ठेवा. दुसरी बादलीतल्या गार पाण्यात स्थिर ठेवा. तिसरी दुसऱ्या बादलीत ठेवा आणि भोवतालचे पाणी सतत ढवळत राहा. चौथी कोरड्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तिसऱ्या बादलीत ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. दुसरी आणि तिसरी यांतला फरक म्हणजे स्थिर तरंगणारा आणि हातपाय मारणारा यांतला फरक. किनारा जवळ नसेल आणि अंगात जाकीट असेल, तर गुडघे छातीशी घेऊन स्थिर राहावे, एकमेकांना धरून राहावे, असे सांगतात ते यामुळेच. चौथी बाटली म्हणजे जलरोधक पोशाख.

आलेख झाल्यावर विद्यार्थ्यांना विचारा : ‘हे सगळे ठाऊक असूनही जाकीट बोटीच्या कोपऱ्यातच का पडून राहते?’ किनाऱ्यावरच्या शाळेत या प्रश्नाचे उत्तर आपल्यापेक्षा मुलांनाच चांगले माहीत असेल. ते नीट ऐकून घ्यावे.